अध्यक्षांची चौकट

दूध संघात आलेला अर्ज कोणत्या टेबलावरून कुठे जातो, याचा नकाशा शलाकाने पीएचडीसाठी खपून काढला होता. तो प्रबंधात छापायला अध्यक्ष तात्यासाहेबांची सही हवी होती. नकाशा पाहताच तात्यासाहेबांचं डोकं फिरलं.

"अहो बाई, स्टोअरकीपरची चौकट ताटाएवढी आणि अध्यक्षाची टिकलीएवढी? माझी सगळ्यात मोठी करा, मगच सही!"

सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. तरी शलाकाने शांतपणे पेन्सिल उचलली.

"करते की, साहेब. फक्त अर्ज जिथे जास्त दिवस पडून राहतो, तिथली चौकट मी मोठी काढलीय. तुमची किती मोठी करू?"

तात्यासाहेबांनी घाईघाईने सही ठोकली.

"राहू दे, पोरी. उलट आणखी जराशी बारीक होते का बघ!"