बॉनेटवर ठेवलेला हात

एकदा एका मोटार-मिस्त्रीच्या मनात एक गाडी भरली. साधीसुधी नव्हे, आठ सिलिंडरांची, दोन दारांची, पन्नास वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडून आलेली बलदंड गाडी. तशी दुसरी अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. सहा वर्षे शोधल्यावर ती एका व्यापाऱ्याच्या गोदामात सापडली आणि मिस्त्रीची झोप उडाली. व्यापाऱ्याने सांगितलेल्या किमतीसाठी त्याने स्वतःच्या गॅरेजची जागा विकायला काढली, एकाकडून विसारही घेतला. हौसेला मोल नाही म्हणतात. ते खरे, पण पोटाला असते, हे त्याला सांगणार कोण?

सौद्याच्या दिवशी त्याने आपल्या वृद्ध वस्तादांना सोबत नेले. त्यांच्याच हाताखाली तो हे काम शिकला होता.

गाडी अंगणात लिंबाच्या सावलीत चकाकत होती. व्यापारी म्हणाला, "बघा वस्ताद, एका किल्लीत सुरू होते. चार वाजता मुंबईचं गिऱ्हाईक येणार आहे. म्हटलं, आधी आपल्या माणसांना विचारावं."

वस्तादांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. इंजिन पाहिले नाही, गाडीखाली वाकले नाहीत. "शेठ, किल्ली द्या बघू," म्हणाले, ती बंडीच्या खिशात टाकली आणि विचारले, "आज जेवायला काय केलंय?"

भर दुपारी दारी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला उपाशी परत पाठवण्याची त्या गावात रीत नव्हती. पाने मांडली गेली. वस्तादांनी आमटी दोनदा मागून घेतली. शिष्याने पानाला बोटही लावले नाही, त्याची नजर गाडीवरच होती. जेवण होताच वस्ताद त्याच लिंबाखाली पोते अंथरून आडवे झाले आणि घोरू लागले. व्यापारी दोनदा येऊन म्हणाला, "किल्ली द्या, जरा चालू करून ठेवतो." वस्तादांचा हात झोपेतही खिशावरच होता. शिष्य मनातून चडफडत होता. गाडी हातची चालली आणि म्हाताऱ्याला झोप सुचते!

चार वाजून गेले. फाटकातून कोणीच आले नाही. वस्ताद उठले, चूळ भरली, पुन्हा बॉनेटवर हात ठेवला आणि किल्ली व्यापाऱ्याला दिली. "आता करा सुरू."

गाडी खोकली. चौथ्या खेपेला कशीबशी सुरू झाली, तशी मागून निळा धूर निघाला आणि आत ठकठक वाजू लागले. "वस्ताद, गेलं सगळं," शिष्य पुटपुटला.

"खुळा का काय तू? आत्ता कुठं भाव ठरवता येईल," वस्ताद हसले. "आलो तेव्हा सावलीतही बॉनेट तापलेलं होतं. आपण यायच्या आधी शेठनी ती चालवून ठेवली होती. तापलेलं इंजिन गोडच बोलतं, लेका. आणि तूही तापलेलाच आला होतास; म्हणून दोघांना सावलीत ठेवलं. दुर्मीळ वस्तूचा भाव कुणालाच ठाऊक नसतो, मलाही नाही. मग विकणारा घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो आणि आकडा सांगतो. पण पिस्टन, रिंगा, दोन महिन्यांची मेहनत, याचा भाव तुला पाठ आहे. जे ठाऊक आहे, तिथून मोजायला लाग."

व्यापारी खाली मान घालून उभा होता. शिष्याने मनाशी हिशेब केला आणि मागितल्या किमतीच्या निम्म्याहून कमी आकडा सांगितला. आवाज अजिबात कापला नाही, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.

"अहो, पण ते मुंबईचं गिऱ्हाईक…" व्यापारी फाटकाकडे पाहत म्हणाला.

"येऊ दे की. आम्ही थांबतो," वस्ताद पुन्हा पोत्यावर टेकत म्हणाले. "रात्री जेवायला काय आहे?"

व्यापाऱ्यालाच हसू फुटले, आणि सौदा झाला. तेवढे पैसे शिष्याच्या साठवणीतच होते.

दिवेलागणीला तो विसार परत करून आला. गॅरेजची जागा त्याचीच राहिली होती. कुलूप काढून तो दारातच बसला, एक लांब श्वास सोडला, आणि त्याला एकदम कडकडून भूक लागली. सकाळपासून आपण जेवलोच नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले.