पक्कं अंडं

फार पूर्वी, भांडी बोलायची आणि कुणाचं ऐकायची नाहीत तेव्हाची ही गोष्ट. एका स्वयंपाकघरात पोचे पडलेले पातेलेआजोबा राहत. ‘आम्ही पुष्कळ पावसाळे पाहिलेत,’ असं ते सांगत. पाहिले होते ते खिडकीतून.

एका सकाळी त्यांच्यात एक अंडं उकळत होतं. बाहेर बशीत टोस्टच्या खरपूस पट्ट्या त्याच्या मऊ बलकात बुडायची वाट बघत होत्या, आणि अंड्याचंही सगळं लक्ष तिकडेच होतं.

चार मिनिटांनी ते म्हणालं, “आजोबा, झाकण काढा. मी झालं.”

“कच्चं आहेस अजून!”

“कच्चं नाही, मऊ आहे.”

“एकच ते. आमच्या वेळची अंडी वीस मिनिटं मुकाट उकळायची. म्हणून तर पक्की निघाली!”

“पण आजोबा, पट्ट्या...”

“उलट बोलतंस?” आजोबांनी झाकण आणखी घट्ट ओढून घेतलं.

विसाव्या मिनिटाला अंडं बाहेर आलं. पहिली पट्टी मोठ्या आशेनं त्याच्या बलकावर टेकली आणि कटकन मोडली. अंड्याला खूप वाईट वाटलं, पण आता त्याच्या आत वाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पट्टीचे तुकडे बघून आजोबांनी झाकण हलवलं. “आजकालच्या टोस्टमध्ये दमच नाही.”