नव्या लॅपटॉपातले बावीस जण

“आक्का, यातलं ठेवायचं काय आणि काढायचं काय?”

सुदर्शनने विचारलं खरं, पण उत्तरासाठी तो थांबला नव्हता. बोटं चालूच होती.

टेकडीवरच्या मठीत त्या दुपारी नवा लॅपटॉप आला होता. लातूरच्या एका मास्तरांनी पाठवलेला. राजाक्का आता ऐंशीच्या पुढे गेल्या, त्यांची पदं कुणीतरी लिहून ठेवावीत म्हणून.

सुदर्शन चार दिवसांमागे आला होता. शिकलेला, हुशार. मला शिष्य करून घ्या, एवढंच मागत होता. आक्का रोज म्हणायच्या, “बघू.”

त्या दिवशी म्हणाल्या, “हे यंत्र नीट लावून दे. मग बघू.”

त्या पेटीच्या आत काय असतं ते मला ठाऊक नाही. मी तिथेच बसलो होतो, कानांवर आलं तेवढं सांगतो.

“नवं आहे, पण आत गर्दी आहे, आक्का. कंपनीने न विचारता बावीस प्रोग्राम आधीच बसवून ठेवलेत. जागा खातात, मशीन हळू करतात, वर मध्ये मध्ये ओरडतात.”

“मग काढ.”

“अर्ध्या तासात काढतो. सोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. चहा सोडला, गादी सोडली, मित्र सोडले. घर सोडायलासुद्धा अर्धा तासच लागला. मागे वळून पाहिलं नाही.”

आक्का वाती वळत होत्या. वळत राहिल्या.

टक. टक. पहिला गेला.

“थांब. मध्ये काय उगवलं होतं?”

“काही नाही. खरंच काढायचं का, असं विचारतं. हो म्हणायचं नि पुढे जायचं.”

“तू तर वाचलंसुद्धा नाहीस.”

“सगळे तेच विचारतात.”

“आणि त्याच्यामागून दुसरं काय आलं?”

“का काढताय ते कळवा, म्हणतात. ते कुणी भरत नाही, आक्का. पलीकडे कुणी वाचतही नसेल.”

“विचारलंय ना?”

“हो, पण...”

“मग सांग की. बिचारं निघालंय. कशासाठी ते तरी त्याला कळू दे.”

सुदर्शनने सुस्कारा सोडला. दुसऱ्यावर बोट ठेवलं.

तूरडाळ निवडत बसलेली हौसाबाई सूप घेऊन जवळ सरकली. नवे माठ घेऊन आलेला दगडू कुंभारही टेकला.

“हे काय करतं?” हौसाबाईने विचारलं.

“हवामान सांगतं. आभाळ आलंय का, ऊन आहे का.”

हौसाबाईने मान वर करून पाहिलं.

“लिही, आम्हांला इथून दिसतं.”

सुदर्शनने लिहिलं. ओठ दाबून.

“आता हा?”

“हा राखण करतो. मशीनचा स्वतःचा राखणदार आहे, तरी हा आगाऊ. तुम्ही धोक्यात आहात, धोक्यात आहात, असं दर पाच मिनिटांनी सांगतो.”

“माझ्या सासऱ्यासारखा आहे की,” दगडू म्हणाला. “सारखं भ्या दाखवायचं.”

“तसंच लिही,” आक्का म्हणाल्या.

“काय, सासऱ्यासारखा आहे म्हणून?”

“त्याला कळेल तसं लिही.”

चौथं दुकान होतं. पाचवा स्वयंपाक शिकवणारा. हौसाबाईने त्याची आमटी वाचून घेतली. आमटीत साखर निघाली, तेव्हा तिने स्वतःच हात झटकून त्याला निरोप दिला.

दहावा पत्त्यांचा खेळ होता.

“हा कसा खेळायचा?” आक्कांनी विचारलं.

सुदर्शनने दाखवलं. लालावर काळं, काळ्यावर लाल. आक्का पुढे सरकल्या. दोन डाव हरल्या. तिसऱ्या डावात पानं धडाधड लागत गेली आणि पडद्यावर फटाके फुटले. आक्कांनी टाळ्या वाजवल्या. दगडूने शिट्टी घातली.

“अजून एक डाव,” आक्का म्हणाल्या.

अजून चार झाले.

मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. “काढ.”

“काय कारण लिहू?”

“फार आवडला.”

“फार आवडला म्हणून काढतोय?”

“हो. नाहीतर पदं कोण सांगेल?”

सुदर्शन पहिल्यांदा मोकळा हसला. त्या मठीत त्याचं हसणं मी तेव्हाच ऐकलं.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. घाई करायचं त्याने सोडलं होतं. आता तोच वाचून दाखवत होता, तोच विचारत होता, “याला काय सांगू या?” एकेक जण आपलं कारण घेऊन बाहेर पडत होता.

बाविसावा राहिला.

“हा फोटो सांभाळतो, आक्का. घरच्यांचे चेहरे ओळखतो. एकेकाचे वेगळे लावून ठेवतो.”

“कुणाचे आहेत आत?”

“कुणाचेच नाहीत. नवं आहे ना.”

त्याने बोट ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला. का काढताय?

सुदर्शनची बोटं तशीच राहिली...

“घर सोडलंस,” आक्का म्हणाल्या, “तिथे काय कारण दिलंस?”

“तिथे... तिथे कुणी विचारलं नाही.”

“भाऊ आहे, वहिनी आहे म्हणालास.”

“पहाटे निघालो. झोपले होते दोघं. माझी चावी आतल्या देवळीत ठेवली आणि दार ओढून घेतलं.”

“म्हणजे खरंच जातोस का, हेही कुणी विचारलं नाही?”

“झोपले होते, आक्का...”

हौसाबाईचा हात सुपात थांबला.

आक्कांनी कोनाड्यातला मठीचा फोन उचलून त्याच्यापुढे धरला.

“काय बोलू?”

“मला काय ठाऊक? घर तुझं.”

त्याने नंबर दाबला. आक्कांना कमी ऐकू येतं म्हणून त्या फोनचा आवाज कायम मोठा असतो. सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

“हॅलो, कोण?”

“वहिनी, मी.”

“भावजी! अहो, जिवंत आहात ना?”

“आहे.”

“मग चावी कुणासाठी ठेवून गेलात? रात्रीबेरात्री आलात तर आत कसे येणार, याचा काही विचार? चार रात्री दार नुसतं लोटून ठेवलंय. यांची खाट दाराशी. रोज कुत्रं आत शिरतं, हे दचकून उठतात नि विचारतात, सुदर्शन आला का गं? मी म्हणते, नाही हो, कुत्रं आहे, झोपा.”

दगडूला हसू आवरेना. हौसाबाईने त्याला कोपराने ढोसलं, आणि मग तीही हसली.

सुदर्शन हसायला गेला. मध्येच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. तोंडावर हात धरून तो रडला, आणि रडता रडता पुन्हा हसला.

“वहिनी, मी न सांगता गेलो. का गेलो ते...”

“ते सावकाश सांगा. मला कुठे घाई आहे? आधी एवढं सांगा, आज दार लावून घेऊ की लोटून ठेवू?”

सुदर्शनने आक्कांकडे पाहिलं.

आक्का वाती वळत होत्या.

“लोटून ठेवा,” तो म्हणाला.

“कुत्र्यासाठी?”

“माझ्यासाठी, वहिनी.”

“बरं. यांना सांगते. आज तरी सुखाने झोपतील.”

त्याने फोन परत कोनाड्यात ठेवला. लॅपटॉपचा पडदा आपोआप काळा झाला होता. दगडूने माठातलं पाणी आणून दिलं. तो घटाघटा प्यायला. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

“आक्का,” तो म्हणाला, “मी सगळं सोडून आलो म्हणत होतो. तिकडे दारसुद्धा लागलेलं नाही... शिष्य व्हायला आलो होतो, ते राहूनच गेलं. मला दीक्षा कधी देणार?”

आक्का गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या. उंबऱ्याजवळच्या वहाणा पायात सरकवल्या.

“आधी मला मिळू दे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वहिनीकडे जायला शेवटची एसटी कितीला आहे?”