टिटवीची हजेरी

पिंपळाखाली पाखरांची लहानशी शाळा भरायची, तेव्हाची ही गोष्ट. चिमण्या, बुलबुल, होले, सगळ्यांची पिल्लं तिथं शिकायची. एकदा माळावरून टिटवीचं पिल्लू आलं. साळुंकीबाईंनी नाव घेताच ते आपल्या बोलीत ओरडलं, "टिटिव, टिटिव!"

चिमणीची आई फांदीवरून कडाडली, "बाई, हा अपशकुनी आवाज आमच्या लेकरांच्या कानावर नको!"

"आमच्यात असंच बोलतात," पिल्लू म्हणालं. "संकट दिसलं की आणखी जोरात."

"इथं सगळे 'हजर' म्हणतात. तूही तेवढंच म्हणायचं," बाईंनी बजावलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना फक्त वर्ग एकसारखा हवा होता.

पिल्लू शिकलं. इतकं शिकलं, की घरी आईच्या हाकेलाही 'हजर' म्हणू लागलं.

एका दुपारी शिकरा झेपावताना सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसला. ते जीव तोडून ओरडलं, "हजर! हजर!"

"कळलं रे, बस खाली," बाई मान वर न करताच म्हणाल्या. सगळा वर्ग खो खो हसला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चिमणीच्या लेकराचं नाव पुकारलं. फांदीवर त्याची आई बसली होती. 'हजर' म्हणायला कुणी नव्हतं.