भोकं पडलेली पानं

फार पूर्वी, कधी ते मलाही ठाऊक नाही, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. पुढच्या सालाचं उडदाचं बियाणं कुणाच्या रानातून घ्यायचं, हे तिथं सगळे मिळून ठरवत. बाकीचे आपला उडीद डाळीला भरडून मोकळे होत. ज्याला बियाण्याचा मान मिळे, तो वर्षभर ताठ मानेनं फिरे.

एका वर्षी तो मान गावातल्या सर्वांत नेटक्या शेतकऱ्याला मिळाला. त्याच्या रानात तणाची काडी सापडत नसे, आणि हे चार लोकांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

उडदाला कोवळ्या शेंगा धरल्या आणि एका सकाळी त्याला पानांवर भोकं दिसली. पान उलटून पाहिलं तर खाली अळ्या! 'लोक काय म्हणतील?' एवढंच मनात आलं. गावाच्या पेरणीचं काय होईल, हे आलंच नाही.

हाक मारायचा अवकाश, सगळं गाव अळ्या वेचायला धावलं असतं. पण त्याला लाज वाटली. भोकाचं पान दिसलं की तो खुडायचा आणि बांधापलीकडे पुरून टाकायचा. झाडं विरळ झाली, पण लांबून कुणाला कळणार?

वाटेनं जाणारे म्हणत, "वा! एका पानाला भोक नाही!"

तो हसे, पण नजर वर करत नसे.

एकदा एक जाडजूड अळी त्याला म्हणाली, "दादा, मी दोन भोकं पाडते. उरलेलं पान उन्हात बसून शेंगेसाठी अन्न शिजवतं. तू तर अख्खं पानच खुडतोस. आमच्या घरात तुझ्याएवढं खादाड कुणी नाही हो."

तो ओशाळला. त्यानं अळी चिरडली, आणि ते पानही खुडलं.

मळणीला गाव टोपल्या घेऊन आलं. सुपात पडले ते पोचट, सुरकुतलेले दाणे. पाखडताना भुशाबरोबर तेही उडाले. शेवटी त्यानंच खाली बघत सगळं सांगितलं, पुरलेल्या पानांसकट.

गावातली सर्वांत म्हातारी बाई जवळ आली. "लेकरा, रोप कोवळं असताना पान गेलं तर ते नवं काढतं. शेंगा भरताना गेलं तर दाणा उपाशी राहतो. एक हाक मारायची होतीस रे. एका सकाळचं तर काम होतं."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

बाकीच्यांचा उडीद तर केव्हाच भरडून झाला होता. मग बियाणं मागायला सगळे शेजारच्या गावी गेले. पुढे तोच होता. दारोदारी लोक विचारत, "तुमचं बियाणं कुणी खाल्लं?"

तो सांगे, "थोडं अळीनं. बाकीचं मी."

लहानथोरांनो, लाजेपोटी झाकलेलं नुकसान मूळच्या नुकसानाहून मोठं होतं.