एप्रिलात भरायचं धरण

धरणाचं पाणी धोक्याच्या रेषेवर गेलं की खालच्या अकरा गावांत भोंगा वाजवायचा, असं एक प्लगिन, म्हणजे धरणाच्या संगणकाला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, रणदिवेसाहेबांनी स्वतः लिहिलं होतं. पाण्याची पातळी ते थेट धरणावरच्या मापकाकडून घ्यायचं आणि भोंगाही थेट गावांतलाच वाजवायचं. चाचणी करणाऱ्या ढमालेबाई म्हणाल्या, "साहेब, पातळीचा आकडा आणि भोंगा, दोन्ही त्याला बाहेरून देता येऊ द्या. धरणावर खरे, चाचणीत आमचे खोटे."

"असलं लुटुपुटूचं चालणार नाही!" साहेब कडाडले. "चाचणी खऱ्या पाण्यावरच करा. जमत नसेल तर मुकाट्यानं 'तपासलं' म्हणून सही करा."

एप्रिल महिना, धरण तळाला गेलेलं. न तपासता सही करावी, तर अकरा गावांचा जीव टांगणीला. बाईंनी शांतपणे एक अर्ज लिहून साहेबांपुढे ठेवला: 'चाचणीसाठी आज चार वाजेपर्यंत धरण धोक्याच्या रेषेपर्यंत भरून मिळावे.'

"हे काय?"

"खरं पाणी, साहेब. वरुणराजा माझ्या सहीला भीक घालायचा नाही, तुमचीच हवी."

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, हसू दाबलं आणि प्लगिन बदलायला घेतलं.

संध्याकाळी बाईंनी बाहेरून धोक्याचा आकडा दिला. चाचणीचा भोंगा गप्पच राहिला.

साहेबांचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून ते बाईंशेजारी बसले. "बरं झालं, सही केली नाहीत," ते हळूच म्हणाले. "आता चूक सापडेपर्यंत उठायचं नाही, बाई. चढवा पुन्हा पाणी."