मेहुण्याच्या मापाचा पूल

मोरखिंडी संस्थानातला नदीवरचा पूल वाहून गेला आणि पलीकडची माणसं छातीएवढ्या पाण्यातून ये-जा करू लागली. नवा पूल बांधायचं ठरलं. दिवाण बाळाजीपंतांना ठेका आपल्या मेहुण्यालाच द्यायचा होता, म्हणून त्यांनी मेहुण्याकडे बघत बघत अटी लिहिल्या. ठेकेदाराचं वजन चार मणांच्या खाली नसावं. त्याचं बिऱ्हाड राजवाड्यापासून शंभर पावलांत असावं. त्याला दुपारी झोपायची सवय असावी. आणि त्याने बांधलेला एकही पूल पडलेला नसावा. मेहुण्याने जन्मात पूल बांधलाच नव्हता, त्यामुळे तीही अट पुरी झाली.

नदीपलीकडच्या चिमाक्का पाथरवटणीने पाच पूल उभे केले होते, पण ती काडीसारखी बारीक. पंतांनी तिला दारातूनच वाटेला लावलं.

ठेका द्यायच्या दिवशी ती दरबारात आली, ती राजवाड्याच्या गोठ्यातली म्हैस घेऊनच.

"सरकार, ही सगळ्या अटींत बसते. वजन मेहुणेबुवांपेक्षा थोडं जास्तच भरेल. शिवाय पैसे मागत नाही, पेंडीवर भागवते."

पंत भडकले. "अगं, म्हैस कधी पूल बांधते का?"

"नाही बांधत, पंत. पण पूल बांधता आला पाहिजे, अशी अट तुमच्या यादीत कुठंय?"

महाराजांनी यादी दोनदा वाचली, सगळ्या अटी खोडल्या आणि तेवढी एक लिहिली. मेहुणा आणि म्हैस दोघंही बाद झाली. म्हैस मात्र रुसली नाही.